धवलारीण बायने शिकवलेली चिनी

पालेगावात मी जिच्या घरी खोली घेऊन राहत होतो, ती धवलारीण बाय गाण्याची एक ओळ म्हणायची आणि मग तेवढाच वेळ गप्प बसायची. भांडी घासताना, तांदूळ निवडताना, चुलीपुढे बसलेली असताना, एक ओळ झाली की गप्प. नव्या माणसाला वाटावं, म्हातारी पुढचं विसरली. मलाही तसंच वाटलं आणि मी आगाऊपणा करून तसं विचारलंसुद्धा. "इसरंन कशी?" ती म्हणाली. "ती वल माज्या जोडीदारनीची. ती मेली. मंग तिची वल कोन बोलंल?"

त्या भागातल्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला धवले गातात. देवांना बोलवायचं तेही गाण्यातूनच. गाणाऱ्या धवलारणी दोन, एकीने ओळ सोडायची आणि दुसरीने उचलायची. बायची जोडीदारीण गेली, आणि त्याच सुमारास लोक हळदीला बेंजो पार्टी आणू लागले. बायला बोलावणं यायचं, पण देवाच्या नावापुरतं. दोन ओळी होतात न होतात तोच कुणीतरी बेंजोवाल्याला खूण करायचं. मुलगा एमआयडीसीत पाळ्या करायचा आणि बायको-पोरांसह बदलापूरला राहायचा. सुनेला ही गाणी गावंढळ वाटत, गावातल्या मुलींना लाज वाटे. "माज्या मागं कोनी नाय," असं बाय इतक्या सहज म्हणायची, की त्यातलं दुःख समजायला मला फार वेळ लागला.

मी नगरकडचा, कॉलेजसाठी आलेला. नव्वदीची सुरुवात होती. सकाळी सायकल मारत उल्हासनगरला जायचं, दुपारी डबा एकट्याने खायचा, लायब्ररी बंद होईपर्यंत तिथेच बसायचं आणि परत यायचं. वर्गातली मुलं बहुतेक सिंधी. लेक्चर संपलं की ती कॅम्प दोनच्या बाजारातल्या आपापल्या दुकानांकडे पांगायची. मी रविवारी मुंबईला चिनी भाषेच्या वर्गाला जातो हे कळल्यावर एकाने खांद्यावर हात ठेवून मला समजावलं, "चायना जाके क्या करेगा यार? माल तो इधर ही आता है." त्याचं चुकलं नव्हतं. पण मला माल नको होता, मला जायचं होतं. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर चीनमध्ये शिकायला मिळणार होतं. तिच्यासाठी दिल्लीत तोंडी परीक्षा होती. ती हुकली तर गावी परत जाऊन चुलत्याच्या किराणा दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं होतं. वडिलांनी तसं पोस्टकार्डावरच लिहून कळवलं होतं, म्हणजे आमच्या पोस्टमनलाही ते ठाऊक होतं.

अडचण एकच होती, आणि ती डोंगराएवढी होती. चिनीत आवाजाचे चार चढउतार असतात. आवाज चुकला की शब्दच बदलतो. आमचे सर फळ्यावर बाण काढून ते दाखवायचे. बाण मला पाठ होते, पण गळ्यातून चारही सारखेच निघायचे. सरांनी सरावासाठी एक कॅसेट दिली होती. ती मी संध्याकाळी ओटीवर लावून बसायचो. टेपमधली बाई एक वाक्य म्हणायची आणि आपण म्हणावं म्हणून थोडा वेळ थांबायची.

तिसऱ्या दिवशी बाय आतून हात पुसत बाहेर आली. "हिची पन जोडीदारीन मेली काय रं?"

मी हसलो आणि तिला समजावून सांगितलं, की बाय, ती माझ्यासाठी थांबते. "मंग तू उचलत का नाय?" ती म्हणाली. मी उचलून दाखवलं. बायने तोंड वाकडं केलं. "नाय. तिचा यो शबुद विहिरीत जातंय. तुजा काठावरच बसलाय."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमची शिकवणी सुरू झाली. बायला अक्षरओळख नव्हती, चीन कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. "अंबरनाथच्या पल्याड का बदलापूरच्या?" असं तिने एकदा गंभीरपणे विचारलं होतं. पण कान असा, की टेपमधल्या बाईचा आवाज केसभर हलला तरी तिला कळायचा. चारही आवाजांना तिने आपली नावं दिली. पहिला बांधावरून चालायचा, सरळ. दुसरा जिना चढायचा. तिसरा विहिरीतली घागर, खाली जाऊन भरून वर येणारा. चौथा मुसळ. "मुसल घाल! मुसल!" ती ओरडायची, आणि रस्त्यावरून जाणारे लोक थबकून आत बघायचे. ज्या गोष्टी सरांच्या बाणांना वर्षभरात जमल्या नव्हत्या, त्या घागर-मुसळाने दोन महिन्यांत केल्या. खोटं कशाला बोलू, त्या गावात माझ्याशी दिवसातून तासभर बोलणारं ते एकच माणूस होतं, आणि तिच्याशी बोलणारा बहुधा मी एकटाच.

तिची एक खोड मात्र जाता जाईना. वाक्याचा शेवट ओढायला लावायची. टेपमधली बाई तसं करत नाही हे मी दाखवून दिलं, तर म्हणाली, "ती बाजारातलं बोलतंय. तुना मोठ्या लोकांम्होरं बोलायचाय. शेवट धरला नाय त देवाला पन ऐकू जात नाय." मी वाद घातला नाही. शेवट धरायची मला सवयच लागली.

दिल्लीला निघायच्या सकाळी तिने माझ्या हातावर दही-साखर ठेवली आणि जरा घुटमळली. एवढी ठसक्याची बाई, पण बोलताना खाली बघत होती. "पोरा, त्यांनी इचारलं, कोनी शिकवला, त माजा नाव घेशील? पालेगावची धवलारीन म्हनून. एकदा घे. बस."

मी म्हणालो, "घेणार म्हणजे काय, घेणारच."

परीक्षेला तीन जण होते. मी बोलायला लागलो तसे तिघेही सावरून बसले. मधल्या बाईंनी मान डोलावली. चारही आवाज जागच्या जागी पडत होते, मला स्वतःलाच ऐकू येत होते. मग मी एका लांबलचक वाक्याचा शेवट धरला. हळदीच्या मांडवात धरतात तसा, चांगला दमसास लावून. कडेचे गृहस्थ हसले. वाईट नाही हसले, पण हसले. इंग्रजीत म्हणाले, "उच्चार उत्तम आहेत. पण तुम्ही बोलता की गाता? कुणी शिकवलं हे?"

माझे कान तापले. पुढ्यात चकचकीत टेबल, पायात उसने बूट. तिथे 'पालेगावची धवलारीण' म्हटलं तर ते पुन्हा हसतील, असं वाटलं. मी म्हणालो, "कॅसेटवरून, सर. स्वतःच शिकलो."

"स्वतःच? शाबास," ते म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

परत आलो तेव्हा बाय दारातच उभी होती. परीक्षा कशी झाली हे तिने विचारलंच नाही. "घेतलास नाव?"

"घेतलं," मी म्हणालो.

तिने तोंडाला पदर लावला आणि आत गेली. मला वाटलं होतं, एवढ्यावर विषय संपेल. कसला संपतोय! दोन दिवसांत सगळ्या पालेगावला कळलं, की दिल्लीच्या सायबांनी बायचं नाव लिहून घेतलं. पुढे माझी निवड झाल्याचं पत्र आलं, तेव्हा तर बोलायलाच नको. त्या उन्हाळ्यात एका हळदीला लोकांनी बेंजोवाल्याला थांबवून बायला सगळे धवले म्हणायला लावले. "हिनीच त्याला चीनला धाडला," असं नवरदेवाची आजी पाहुण्यांना सांगत होती. मी मांडवात मागे उभा होतो. माझं खोटं असं कामाला आलेलं बघून जीव सुखावलाही आणि लाजेने मेल्यासारखंही झालं. मी चीनला जाताना बायने कपाळाला हळद लावली, रडली नाही. "शेवट धर," एवढंच म्हणाली.

तिकडे पहिल्याच आठवड्यात आमच्या बाईंनी विचारलं, असे उच्चार कुणाकडे शिकलास? मी उभा राहिलो आणि वर्गात चिनी भाषेत बायचं नाव, गाव, काम सगळं सांगितलं. धवलारीण म्हणजे काय ते सांगायला मला दहा मिनिटं लागली. परक्या देशातली वीस मुलं माना डोलावत होती. त्यांना काय त्याचं! जिथे सांगायचं होतं तिथे मी तोंड मिटून बसलो होतो.

खरं काय ते बायला कळवावं असं शंभरदा वाटलं. पण तिला पत्र शेजारची मुलगी वाचून दाखवायची आणि ऐकायला सगळी आळी जमायची. आळीपुढे तिला खाली बघायला लावणारं पत्र मी कसं लिहिणार? म्हणून मी थंडीबद्दल लिहिलं, जेवणाबद्दल लिहिलं. ठरवलं, समोर बसून सांगायचं. ती शिव्या देईल, मग चहा देईल.

दोन वर्षांनी आलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारून कळलं, बाय पावसाळ्याआधीच गेली. मी तसाच बदलापूरला तिच्या मुलाकडे गेलो. पाळीवरून नुकताच आला होता, अंगावर कारखान्याचेच कपडे. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि समोर येऊन बसला.

"आई शेवटपर्यंत त्येच सांगत होती," तो म्हणाला. "दिल्लीला माजा नाव घेतला म्हनून. आमी कंटाळायचो. मी एकदा बोललो पन, आई, त्यो तुना बरा वाटावा म्हनून बोलला असंल. त दोन दिवस जेवली नाय." त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. "माजाच चुकला ना? घेतला होता ना तुमी नाव?"

"घेतलं होतं," मी म्हणालो.