पौर्णिमेचा भोंगा

महजूबाच्या लग्नाचा तिसरा दिवस होता. हातांवरची मेंदी अजून ओलसर होती, सासूबाई पाहुण्यांच्या पेल्यांत उंचावरून चहा ओतत होत्या, आणि खालून, बंदराच्या अंगाने भोंगा झाला. नवरी उठली. खुंटीवरचा पायघोळ जेलाबा डोक्यावरून ओढला आणि थेट दाराबाहेर.

"अगं ए! आग लागली का कुठं?" सासू ओरडली.

"आमचा भोंगा आहे, आई!" उत्तर आलं ते जिन्यावरूनच.

फाटकात मुकादमाने तिचे दोन्ही हात धरून उलटेपालटे केले. "या हातांनी डबे भरलेस तर फ्रान्समधली माणसं विचारतील, तारलीचं लग्न होतं का म्हणून! जा घरी. नवऱ्यासमोर बस."

ती रडतच चढ चढली. लाजेने नव्हे. त्या दिवशी मासळीचे ढीग आले होते आणि तिच्या टोपल्या दुसरीच कुणी भरत होती, म्हणून.

आसफी गावात या गोष्टीवर कुणी हसलं नाही. आमच्या गावात तेव्हा कारखान्यांची रांग होती आणि प्रत्येकाचा भोंगा वेगळा. एकाचा गाढवासारखा, एकाचा बोकडासारखा, महजूबाच्या कारखान्याचा लांबलचक, आणि शेवटी म्हाताऱ्यासारखा खोकायचा. नावा तारली घेऊन बंदराला लागल्या की भोंगा व्हायचा, मग वेळ कुठलीही असो. पहिल्या पोचतील त्या आत, बाकीच्यांना फाटक बंद. आत गेल्यावर मुंडकी उडवायची, आतडी काढायची, मासळी उलटसुलट रचून डबे भरायचे, टोपलीमागे पैसे. मासळी नाही तर पैसे नाहीत. त्यामुळे बायका हमामातून डोक्याला साबण तसाच ठेवून पळत. भट्टीत पाव टाकून पळत. एकदा एक जण मयताच्या घरातून उठून पळाली होती, आणि गंमत म्हणजे मयताची सख्खी बहीण तिच्या पुढे होती.

महजूबाची आई इझ्झा कारखान्यातल्या मासळी साफ करायच्या टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर उभी राहायची. महजूबा अकरा वर्षांची होती तेव्हा शाळेच्या बाकावरून उठवून आईने तिला शेजारी उभं केलं. पुढे इझ्झाची बोटं खाऱ्या पाण्याने आणि थंडीने आकडली, उघडेनात. मालकाने तिला निरोपाचे चार डबे दिले. दवाखान्याचं कार्ड नाही, पेन्शन नाही, कारण कागदावर इझ्झा कधी कामगार नव्हतीच. हंगामी. पस्तीस वर्षं हंगामी. कोपरा मात्र लेकीला मिळाला. आमच्याकडे बायका एकमेकींना तेवढंच देऊ शकत होत्या.

आता महजूबाची करंगळी वळायला लागली होती. नवरा चार हिवाळ्यांपूर्वी नावेबरोबर गेला तो परत आला नाही. मुलगी घिझलान शाळेत पुढच्या वर्गात गेली होती आणि फ्रेंचमध्ये कविता म्हणायची. महजूबाच्या डोक्यात एकच गोष्ट होती: कोपरा घिझलानला द्यायचा नाही. त्यासाठी आपण कायम व्हायला हवं. महिन्याचा पगार, दवाखान्याचं कार्ड, आणि बोटं आकडल्यावर हाताला काहीतरी.

आणि त्याच वर्षी कायम होण्याची गोष्ट निघाली.

देश कर्जात बुडाला होता. सावकार देशांनी सरकारला सांगितलं होतं की नोकऱ्या कमी करा, भाकरीवरची सूट काढा, माल बाहेर विका. रेडिओवर रोज मोठमोठे साहेब भांडायचे. एक म्हणायचा पट्टा आवळा, दुसरा म्हणायचा पट्टा कुठाय. मासळीचे डबे परदेशी पैसा आणतात म्हणून कारखानदारांना करात सूट मिळाली, पण एक अट घालून: काही कामगारांना कायम करायचं. कुणाला, ते युनियनने ठरवायचं.

युनियनचे चिटणीस होते सी मिलूद; सी म्हणजे आमच्याकडचं 'श्री'. डब्यांना झाकणं लावणाऱ्या यंत्रावर होते. यंत्रावरचे, बॉयलरवरचे, गोदामातले सगळे पुरुष. टेबलांवर सगळ्या बायका. बायका पुरुषांच्या दहापट असतील. वर्गणी सगळ्याच देत होत्या.

"हात वर करून ठरेल," सी मिलूद म्हणाले. "हजर असेल त्याचं मत."

"मग सभा पौर्णिमेला घ्या," महजूबा म्हणाली.

सी मिलूदना कारण सांगावं लागलं नाही. चांदणं असलं की तारली नावांवरच्या दिव्याला भुलत नाही, नावा बंदरातून हलत नाहीत. पौर्णिमेच्या आगेमागे आसफीत भोंगा होत नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. "घेऊ की," ते हसून, बाईसाहेब म्हणावं तशा थाटात म्हणाले. "लल्ला महजूबाचा हुकूम!"

सभेच्या आदल्या दिवशी बायका हमामात जमल्या. वाफेत कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, आवाज मात्र ओळखीचे.

"आपण इतक्या आहोत की नुसते हात वर केले तरी छप्पर उडेल," ताम्मू म्हणाली. ताम्मू टेबलावर महजूबाच्या शेजारची. तोंडाने तिखट.

"आणि भोंगा झाला तर?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"पौर्णिमेला? तुझ्या डोक्यात साबण गेलाय."

"अगं, पण झालाच तर?"

महजूबाने घरून आणलेला पाव काढला, त्यावर हात ठेवला. "याची शपथ. भोंगा होवो, भूकंप होवो, हात मोजून होईपर्यंत कुणी उठायचं नाही." पाव सगळ्यांच्या हातांतून फिरला, ओला झाला, तरी प्रत्येकीने एकेक घास खाल्ला.

घरी घिझलानने तिच्याकडून भाषण घोटून घेतलं.

"आई, हात असे झग्याला पुसल्यासारखे करू नकोस."

"मग कुठं ठेवू? कापून टेबलावर ठेवू?"

"बाजूला सोड. आणि पहिलं वाक्य मोठ्यांदा."

सभा दुपारच्या नमाजानंतर, चढावरच्या युनियनच्या हॉलमध्ये. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे चटयांवर आणि चटया संपल्यावर जिन्यात. राजधानी रबातहून मादाम सेबती नावाच्या एक प्राध्यापिका आल्या होत्या. करड्या सूटमधल्या, गोड चेहऱ्याच्या. त्या सुरेख बोलल्या. स्त्रियांचे श्रम, देशाची प्रगती, उत्पादन. निम्मं फ्रेंच होतं.

"काय म्हणते गं?" ताम्मूने विचारलं.

"आपल्या बाजूने बोलतेय बहुतेक."

"चेहऱ्यावरून तर तसंच वाटतं. पण टाळ्या कधी वाजवायच्या?"

मग सी मिलूद उठले. त्यांचा आवाज कमावलेला होता. "बहिणींचा मला आदर आहे. माझी आई टेबलावर होती. पण भावांनो, गावात तरणी पोरं भिंतीला टेकून बसलीयत. सरकार नोकऱ्या कापतंय. असल्या दिवसांत एक जागा आली तर कुणाला द्यायची? पुरुषाच्या पगारावर सात तोंडं जगतात. बाईचा पगार म्हणजे सुरमा आणि मेंदी."

मागून हशा झाला, कडवट.

"सुरमा लावायला डोळे उघडे लागतात, सी मिलूद!" ताम्मू ओरडली. "आमचे मिठाने चिकटलेत!"

"बायकांच्या बाजूनेही बोलू द्या कुणाला तरी," मादाम सेबती म्हणाल्या. "कोण बोलणार?"

महजूबा उठली. खुर्च्यांमधून पुढे गेली. हात बाजूला सोडले. एवढ्या पुरुषांचे चेहरे तिने एकदम कधी पाहिले नव्हते. काहींच्या बायका आणि आया मागे बसल्या होत्या.

"मी महजूबा," ती मोठ्यांदा म्हणाली. "इझ्झाची मुलगी. खिडकीकडचा कोपरा. आज आम्ही बायका असं म्हणतो की..."

आणि भोंगा झाला.

लांबलचक. शेवटी खोकला.

पुढचं सांगताना आसफीतल्या बायका अजून खाली बघतात. पहिली कोण उठली यावर पुढे पुष्कळ भांडणं झाली. पण ज्या पुरुषांनी पाहिलं ते सगळे एकच सांगतात: पहिली उठली नाही कुणी, महजूबा उभीच होती, ती वळली. तिचं वाक्य तोंडात तसंच होतं आणि पाय जिन्यावर. तिच्यामागे चटया उलटल्या, चपला राहिल्या, आणि बायकांचा लोंढा उतारावरून खाली सुटला.

वळणावर बंदर दिसलं. नावा दोरांना बांधलेल्या, एकीला एक चिकटून, एकही रिकामी जागा नाही. डेकवर पोरं जाळी शिवत बसलेली. महजूबाने ते पाहिलं. पूर्ण पाहिलं. तिला कळलं. आणि ती पळतच राहिली, कारण लगेच दुसरा विचार आला: कुणी सांगावं, अगादीरच्या बंदरातून ट्रकने आली असेल मासळी. शेजारून ताम्मू धापा टाकत म्हणाली, "आज पौर्णिमा आहे गं." "माहितेय," महजूबा म्हणाली आणि तिला कोपराने मागे सारून पुढे गेली.

फाटक बंद होतं. गेटवाला बाहेर स्टुलावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता.

"मासळी?" सगळ्यांच्या वतीने महजूबाने विचारलं.

"कसली मासळी? बॉयलर साफ केला. मेकॅनिकने भोंगा वाजवून बघितला." त्याने टरफल थुंकलं. "चांगला वाजला की नाही?"

कुणी त्याला शिव्या दिल्या, कुणी बॉयलरवाल्यांच्या आईबापांचा उद्धार केला. मेकॅनिकला आजच बरं सुचलं, असं म्हणणाऱ्या पुष्कळ होत्या आणि त्या खोटं म्हणत नसतील. पण भोंग्याने कुणाला दोरीने ओढलं नव्हतं. त्या परत चढ चढू लागल्या. ज्यांच्या चपला हॉलमध्ये राहिल्या होत्या, त्या टाचा उचलून चालत होत्या.

हॉलमध्ये खुर्च्या रचून ठेवणं चाललं होतं. मतदान झालं होतं. कायम होणार ते कुटुंबप्रमुख.

"आम्ही नव्हतो," महजूबा म्हणाली.

"हेच तर," सी मिलूद म्हणाले. आवाजात मस्ती नव्हती, खरंच वाईट वाटल्यासारखा होता. "थांबलो होतो थोडा वेळ. मादामना विचार. तुम्हीच गेलात, लल्ला. कुणी हाकललं का?"

"कुटुंबप्रमुख म्हणता. माझ्या कुटुंबाचा प्रमुख समुद्राच्या तळाशी आहे. त्याला करा मग कायम."

"विधवांचं बघू पुढच्या वेळी."

मादाम सेबती दाराशी पर्स घेऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते, रागाने की दयेने कोण जाणे. "मी तुमच्यासाठी एवढी भांडले," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही उठून गेलात. का? मला समजावून सांगा."

महजूबाला सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं. मग तिला वाटलं, ही बाई हे लिहून ठेवील. "भोंगा झाला," ती म्हणाली, आणि चटयांतून आपल्या चपला शोधू लागली.

महिन्याने रेडिओवर मादाम सेबतींचा आवाज लागला. हंगामी कामगार स्त्रियांमध्ये जाणिवेचा अभाव, अशा विषयावर चर्चा होती. घिझलानने सगळं समजून घेतलं आणि आईला अर्धंच सांगितलं.

सी मिलूद आले ते शुक्रवारी, कुसकुसचं भांडं चुलीवरून उतरायच्या वेळेला, निळ्या कागदातला साखरेचा सुळका घेऊन. मयताला आणतात तसा की सोयरिकीला आणतात तसा, ते त्यांनाही नक्की नसावं. बसले. दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "मालकाशी बोललोय. तुझे हात... लोक बघतात गं. थंडीनंतर मुकादम तुला आत घेईलसं वाटत नाही. कोपरा जाईल. डोंगराकडून आलेल्या पोरी टपल्यात. पण घिझलानचं नाव मी सुचवलंय. हंगामी. तुझ्या शेजारी उभी राहील, तू शिकवशील, कोपरा घरातच राहील."

महजूबाने ताटातल्या आपल्या हाताकडे पाहिलं. कुसकुसचा गोळा तिला आता नीट वळता येत नव्हता. बोटांतून दाणे गळत होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"अंधाऱ्या रात्री लागल्या, नावा हलल्या की. पुढच्या आठवड्यात."

"बरं," महजूबा म्हणाली. "अल्ला तुमचं भलं करो."

ते गेल्यावर घिझलान आतल्या खोलीतून बाहेर आली. मग म्हणाली, "तू मला सांगितलं होतंस, कोपरा मला देणार नाही म्हणून."

"सांगितलं होतं."

"मग 'बरं' का म्हणालीस?"

"तू ताट उचल आधी."

"आई!"

"काय करू? त्याला हाकलून दिलं असतं तर काय केलं असतं आपण? तू कविता म्हटल्या असत्यास आणि मी टाळ्या वाजवल्या असत्या?" बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं. आवाज खाली आला. "शाळा सोडायची नाही. मासळी असेल तेव्हाच जायचं. बाकी दिवस शाळा. सांगेन मी बाईंना."

घिझलानने ताट उचललं. मोरीपाशी जाऊन ती पाठमोरी उभी राहिली.

"शाळेत ऐकू येतो का गं भोंगा?" महजूबाने विचारलं.

"येतो."

"नीट? वर्गात सगळ्या बोलत असल्या तरी?"

"आमच्या वर्गातल्या सहा जणी उठून गेल्यात या वर्षी," घिझलान म्हणाली. "ऐकू येतो."

"मग खिडकीजवळ नको, दाराजवळ बस," महजूबा म्हणाली.