नाल्यावरचा कॅमेरा

जिजाजी बँकेतून रिटायर झाले आणि मानपूरच्या पुढे, घाट लागायच्या जरा आधी, त्यांनी सीताफळांची लहानशी जमीन घेतली. जमिनीच्या टोकाला नाला आहे. आठवड्यातून दोनतीनदा ते सकाळीच गाडी काढून तिकडे जायचे आणि नाल्याकाठच्या दगडावर दुर्बीण घेऊन एकटेच बसायचे. दुपारी जेवताना मोर किती दिसले, नीलगाय आली का, ते सगळं ताईला सांगायचे.

एकदा ताई बरोबर गेली, तेव्हा शेजारचा शेतकरी तिला म्हणाला, "बाईजी, साब को अकेला मत छोड़ो. तेंदुआ है इधर. मेरी बछिया उठा ले गया."

जिजाजी हसले. "अगं, बिबट्या माणसाला बघून स्वतःच पळतो."

ताईला काही हसू आलं नाही. त्यानंतर ते गेले की ती शहरातल्या, अन्नपूर्णा भागातल्या घरात फोन हातात धरूनच वावरायची. त्या जमिनीवर नेटवर्क नाही. फोन लागला नाही की ती मला ऑफिसात लावायची, आणि मी काहीतरी बोलून तिची समजूत काढायचो. हळूहळू तिची भीती मलाही लागली. ते जायचे त्या दिवशी माझंही कामात लक्ष लागेना.

शेवटी तीच म्हणाली, "तू वो जंगलवाला कॅमेरा लावून दे ना तिथे. एकदा फोटोत तेंदुआ दिसला की हे आपोआप जाणं बंद करतील. पण महागडा नको हं."

जिजाजींना आम्ही सांगितलं, प्राणी बघायला कॅमेरा लावतोय. ते लहान मुलासारखे खूश झाले.

मी ऑनलाइन पाहून सगळ्यात स्वस्त ट्रेल कॅमेरा मागवला. डब्यावर मेगापिक्सेलचा मोठा आकडा होता, मी त्यालाच भुललो. दगडासमोरच्या झाडाला पट्ट्याने बांधला. पहिल्या खेपेला कार्डावर शेकडो फोटो, आणि सगळे रिकामे. गवत हललं तरी तो फोटो काढायचा. एका फोटोत मात्र चौकटीच्या कडेला शेपटीचं टोक होतं. जाड, किंचित वर वळलेलं. ताईने ते पाहिलं आणि लॅपटॉप ढकलून दिला. उरलेले रिकामे फोटो मग रिकामे वाटेनात. काहीतरी येऊन गेलंय आणि कॅमेऱ्याला उशीर झालाय, असंच प्रत्येक फोटोकडे बघून वाटायचं.

ऑफिसातला एक सहकारी सुट्टीत जंगलं फिरतो. त्याला दाखवलं तर म्हणाला, "भिया, मेगापिक्सेल सोड. समोर काही हललं की किती पटकन फोटो निघतो, ते बघ. आणि रात्री लाल दिवा चमकणारा घेऊ नको, जनावर बिचकतं. बॅटऱ्या चांगल्या टाक. भारी ब्रँड नाही लागत, पण लोकांनी वर्षभर वापरून काय लिहिलंय ते वाच." तसं वाचून, जरा जास्त पैसे घालून, मी दुसरा घेतला. साधाच होता, पण चुकत नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात बिबट्या आला. नेमका जिजाजींच्या दगडावर, पुढचे पाय सोडून, आरामात बसलेला. मी हा फोटो ताईसमोर जिजाजींना दाखवला आणि ते घाबरायची वाट पाहिली.

"अगं, काय रुबाब आहे बघ!" ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज जायला लागले.

ताई माझ्यावर चिडली नाही, ते जास्त लागलं. ती नुसती म्हणाली, "आता?"

मग एक दिवस जेवायची वेळ टळून गेली तरी ते आले नाहीत. मी ताईला घेऊन निघालो. रस्ताभर ती ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती. जमिनीवर गाडी उभी होती, गाडीत कोणी नव्हतं. सीताफळांच्या ओळींतून नाल्याकडे चालताना पाचोळा वाजला की आम्ही दोघं थांबायचो. तो आमच्याच पायांखाली वाजत होता.

जिजाजी दगडाला टेकून बसले होते. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बदलून परतताना शेवाळावर पाय घसरला होता, घोटा टम्म सुजला होता. "अरे, काही नाही झालं," ते म्हणाले. ताई तिथेच खाली बसली आणि रडली. निघताना मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेतलं.

संध्याकाळी घरी ते आत पाय उशीवर ठेवून पडले होते. मी बाहेर फोटो बघत होतो, ताई मागे उभी होती. जिजाजी घोटा चोळतायत. जिजाजी पाणी पितायत. मग ताईचं बोट पडद्याकडे गेलं. त्यांच्या मागे, घाणेरीच्या झुडपात, बिबट्याचं डोकं होतं. पुढच्या फोटोत तसंच. त्याच्या पुढच्याही. जिजाजी हलले की कॅमेरा फोटो काढत होता, आणि प्रत्येक फोटोत ते डोकं तिथेच, त्यांच्या पाठीकडे बघत. नंतरच्या एका फोटोत झुडूप रिकामं होतं. पुढच्यात आम्ही दोघं येत होतो, त्याच बाजूने.

"दाखवू नको," मी म्हणालो.

"मग ते परत जातील," ती म्हणाली, आणि लॅपटॉप उचलून आत गेली.

त्यांनी सगळे फोटो पाहिले. पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाले, "मी शीळ घालत होतो तेव्हा."

पाय बरा झाला तरी ते तिकडे गेले नाहीत. दुर्बीण कपाटात गेली. आता ते गॅलरीत बसून समोरच्या शाळेची मुलं सुटताना बघतात, आणि मागे कोणी आलं की दचकतात. परवा ताई मला म्हणाली, "तू एकदा घेऊन जा ना त्यांना. मी नाही घाबरणार."

मी विचारलंही. सीताफळं धरलीयत, चलता का?

"तू जा," ते म्हणाले. "पण एकटा नको. आणि ऊन आहे तोवर परत ये."