बंद हातकडीतून सुटलेला हात

या, इकडे सरकून बसा. दाराला टेकून "पाचच मिनिटं आहेत हं" म्हणणाऱ्या माणसाला मी काही सांगत नसते. आणि तो मोबाईल ठेवा पालथा. हं. आता हात द्या पाहू. आमच्या समोरचे हवालदार कोणी भेटलं की हेच करायचे. "जय भीम" झालं की समोरच्याचं मनगट चिमटीत धरायचं, जरा फिरवायचं आणि निकाल द्यायचा, "हाड रुंद, पंजा बारीक. तुमाले साखळीवाली चालनार नाही जी." लोकांना वाटायचं, नाडी बघतात. एका म्हातारीने तर गुडघ्यावर औषध विचारलं होतं.

रिटायर होऊन ते स्मृति नगरात आमच्या गल्लीत आले. रिटायर माणसं गुलाब लावतात, पोपट पाळतात. यांनी हातकड्या जमवल्या. काही कबाड्याकडून, एक भाच्याने मोबाईलवरून मागवलेली. बैठकीत आपण जिथे कॅलेंडर लावतो, तिथे यांच्या खिळ्यांवर त्या लटकायच्या. पाहुणा दुसरा चहा मागायचा नाही.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या पडल्या की त्यांचं सुरू. "वहिनी, ही पाहा. जुनी, पेचाची. कडं एकाच मापाचं. पैलवान असो का पाप्याचं पितर, कडं तेवढंच. ही दातेरी. मनगट पाहून आवळते, पन मधात साखळी हाय. बदमाश हात वळवून कुलपापर्यंत बोट नेते. अन् ही बिजागरीची! दाराच्या कब्जासारखी. हात वळतच नाही. वरून ही खिळी दाबली की दाते ना पुढे, ना मागे."

मग ती बिजागरीची कुरवाळत म्हणायचे, "तवा मले ही भेटाले पायजे होती. दोष लोखंडाचा होता, वहिनी. मानसाचा नाही."

"तवा" म्हणजे कधी, ते गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ होतं. नोकरीत असताना एका काडीसारख्या खिसेकापूला ते कोर्टात पेशीला नेत होते. रेल्वे स्टेशनवर गर्दीत तो निसटला. पेचाची हातकडी दोरीला तशीच लोंबत राहिली, कुलूप बंद, किल्ली यांच्या खिशात. खात्याने विचारलं, कुलूप बंद तर माणूस सुटला कसा? म्हणजे सरळ विचारलं, किती घेतले? काही सिद्ध झालं नाही, पण बढती गेली ती गेलीच.

खात्याचं त्यांनी पचवलं असतं. पण बायकोलाही तेच वाटायचं. बाई भांडायची नाही. हवालदारांनी नवा मिक्सर नको म्हटलं की हळूच म्हणायची, "त्या चोराचे ठेवले असतीन ना, त्यातून आना." ते शपथ घ्यायला लागले की ती म्हणायची, "पोलिसाची शपथ कोन्या कोर्टात चालते?" तुमच्या लक्षात आलं ना? भिंतीवरचं ते सगळं लोखंड एका बाईसाठी होतं. बंद हातकडीतून हात निघू शकतो, एवढंच तिला दाखवायचं होतं.

त्यासाठी गल्लीतले सगळे हात वापरून झाले. एका सकाळी आमच्या ह्यांना बिजागरीची घातली. "काढून दाखवा, भाऊसाहेब." ह्यांची उभी नोकरी स्टील प्लांटमधे क्रेनवर गेली, कुठे हरायची सवय नाही. ओढताहेत, फिरवताहेत. निघेना. आणि किल्ली हवालदारांच्या ज्या पॅन्टच्या खिशात, ती बाईने साबणाच्या बादलीत बुडवलेली; तिकडे शोधाशोध. तेवढ्यात दूधवाला आला. ह्यांनी दोन्ही हात जोडून पातेलं पुढे केलं. "का होगे, भैया?" काय झालं म्हणून विचारत तो दोन पावलं मागे सरला आणि सायकल दामटली. दुपारपर्यंत पार पलीकडच्या जुनवानी वस्तीत बातमी, प्लांटवाले साहेब धरले गेले. संध्याकाळी तीन घरचे लोक मला धीर द्यायला आले. एकीने तर डबा आणला. मी ठेवून घेतला.

माझं पुढच्या खोलीत बांगड्यांचं छोटं दुकान आहे, तुम्ही पाहिलंच. भाचीच्या लग्नाला बांगड्या भरायला हवालदारांची बायको आली, सोबत तेही. तिचा पंजा चांगला भरलेला आणि हट्ट लहान मापाचा. मी हाताला साबण लावला, अंगठ्याचं मूळ तळहातात दाबलं, हात दुमडला आणि बांगडी सरकन मनगटात. रोजचं काम. पण हवालदार स्टुलावरून उठले. तसेच घरी गेले आणि पेचाची हातकडी घेऊन आले.

"वहिनी, तुमच्या हातात घालतो. मंग काढा."

घातली, पेच फिरवून कुलूप लावलं. मी अंगठा दाबला, हात दुमडला. कडं सांध्यावर अडलं. कोरड्या हाताने होईना.

"पाहा," बाई म्हणाली. "उगीच लोकाईच्या बायाईचे हात सोलून राहिले."

"साबण असता तर निघाली असती," मी म्हटलं. "नाही तर तेल. पण चोराच्या हाताला स्टेशनवर तेल कुठून येणार?"

हवालदार धपकन स्टुलावर बसले. मला वाटलं, बीपी वाढला.

"भजे होते," ते म्हणाले.

"कोनते भजे?" बाईने विचारलं.

"गाडी लेट होती. पोरगा सकाळपासून उपाशी. मीच घेऊन देल्ले. गरम होते. तेल त असं कोपरापर्यंत..."

"मंग हे चौकशीत कावून नाही सांगितलं?"

"काय सांगू? मुजरिमाले भजे खिलवून राहिलो होतो म्हनून? सारं ठानं हासलं असतं. अन् तेलाचं त मले आजवर सुचलंच नाही न!"

मी आत जाऊन खोबरेल आणलं, मनगटापर्यंत चोळलं. अंगठा दाबला, हात दुमडला. कडं खणकन फरशीवर पडलं. कुलूप बंद.

बाईने ते उचललं, फिरवून पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती फुटली ती हसण्यातच, "म्हंजे पैसे नाही खाल्ले! अवो, एवढ्या वर्सात मले कधी कागदात बांधून दोन भजे आनले नाही, अन् चोराले..."

"तू मानलं ना?" त्यांनी विचारलं.

"मानलं."

"वहिनीच्या समोर म्हन."

"मानलं ना बाप्पा! आता त्या बांगड्या भरू द्या मले."

पुढच्या रविवारी सगळ्या हातकड्या कबाड्याकडे गेल्या. खरं सांगू? त्यानंतर हवालदार जरा कंटाळवाणे झाले. हवापाण्यावर बोलायचे. पण घरात कुकर लागला की भाजी चिरायला बसायचे, आणि दोघांच्या बोलण्याचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत यायचा. गेल्या उन्हाळ्यात झोपेतच गेले.

बाई आता एकटी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून बसवते. गॅसवाला असो की कुरिअरवाला, "माझ्या मानसानं एक पैसा खाल्ला नाही," इथपासून पुरी गोष्ट सांगते. आमची सगळ्यांची ऐकून झाली, माझी तर चारदा. आता तिला नवा माणूस लागतो. तेव्हा तिच्याकडे लवकर जा, दिवाळीची वाट पाहू नका. मी सांगितलं म्हणून तिला कळू देऊ नका. तिच्याकडून पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐका.