खांबचा माल शेवटी

पुंडलिक थकला होता आणि ते त्याने कुणापासून लपवलंही नव्हतं. पेणला हायवेजवळच्या हर्षदशेठच्या गोदामात बिस्किटं, तेल, साबण, चहा असा आठ-दहा कंपन्यांचा माल यायचा आणि तिथून टेंपो भरून दुकानोदुकानी जायचा. कुठल्या गाडीत किती माल घालायचा, गाडी आधी कुठे जाणार, मग कुठे, हे ठरवायचं काम एकोणतीस वर्षं पुंडलिककडे होतं. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस येऊन करून बघावं.

गाडी उलटी भरायची असते. जो माल सगळ्यात शेवटी उतरायचा तो आधी आत, केबिनला टेकून. पहिल्या दुकानाचा माल सगळ्यात शेवटी, मागच्या फाळक्याशी. यात एक खोकं चुकलं की भर उन्हात रस्त्यावर अर्धी गाडी रिकामी करा आणि पुन्हा भरा. शिवाय वडखळचा एक दुकानदार मंगळवारी बंद, रोह्याच्या बाजारात एकनंतर शटर खाली, धाटावला तीनची शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसेस आणि दुचाक्यांच्या गर्दीत टेंपो उभा करायला जागा नाही. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. सगळं पुंडलिकच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं पहाटे पाचला आपोआप चालू व्हायचं, रविवारीसुद्धा. भाचीच्या लग्नात पाहुण्यांना जीपमध्ये बसवायचं काम याच्यावर आलं, तर याने शेवटच्या गावाला उतरणाऱ्या म्हातारीला सगळ्यात आधी आत कोंबलं. सगळे हसले. त्याची बायको सगुणा तेवढी हसली नाही.

तीन वर्षं तो शेठकडे एकच मागणं मागत होता, की आता मला सोडा. गुडघे कामातून गेले होते, पण गुडघ्यांचं एवढं नाही, ते पहाटेचं डोकं त्याला नकोसं झालं होतं. शेठ माणूस वाईट नव्हता, पण गाडी अडली की त्याचा जीव वरखाली व्हायचा. मध्ये प्रविण नावाचा एक माणूस आणला, त्याने दीड महिन्यात हात टेकले. मग प्रणिता आली. कोलाडची मुलगी, बोलणं कमी, कान उघडे. सहा महिने तिने पुंडलिकच्या शेजारी उभं राहून काम पाहिलं, आणि मग शेठने अट घातली.

"दादा, रोह्याची गाडी सगळ्यात अवघड. ती एक दिवस प्रणिता भरेल. तुम्ही तोंड उघडायचं नाय. एकही फोन तुम्हाला न येता गाडी परत आली, की तुम्ही मोकळे."

तो दिवस बुधवारी उजाडला. सकाळी सातला पुंडलिक आपल्या स्टुलावर बसला. हमाल खोकी चढवत होते, प्रणिता हातात कागद घेऊन उभी होती. गाडी भरत आली तेव्हा त्याचं लक्ष फाळक्याकडे गेलं. तिथे खांबचा माल लागला होता.

खांब गावातलं दुकान धोंडुबाईचं. बारा वर्षांपूर्वी ती स्वतः एसटीने गोदामात आली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, सकाळी त्याचं सगळं करायचं, दुपारी त्याला भरवायचं, त्यामुळे दुकान नीट उघडायचं ते चार वाजून गेल्यावर. "भाऊ, गाडी पाचला धाडा, तेवढं करा," म्हणाली. पुंडलिकने केलं. तेवढ्यासाठी रोह्याची सगळी फेरीच त्याने उलटी फिरवली, नाहीतर हायवेने खांब आधी लागतं. भरलेला टेंपो नागोठण्याहून भिसे खिंड चढून आधी रोह्याला जायचा, मग धाटाव, मग कोलाड, आणि पाचला खांब. खिंडीच्या चढावर गाडी रडायची आणि जनू ड्रायव्हर शिव्या द्यायचा. त्या कुणाला असायच्या हे पुंडलिकला चांगलं ठाऊक होतं. पण बुधवारी आणि शनिवारी पाच वाजले की त्याला आपलं बरं वाटायचं, की चला, आज एक काम तरी माणसासारखं झालं. एवढ्या वर्षांच्या खोक्यांत त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक होतं.

आणि आता गाडी दहाला खांबला पोचणार. धोंडुबाई नवऱ्याचं करत असणार, दुकान बंद असणार, तिचा माल पुढे दिवसभर प्रत्येक दुकानाशी आडवा येणार.

"काका, एकदा नजर टाकता का?" प्रणिताने विचारलं.

खांब शेवटी. एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण ते म्हटलं की अट मोडली, आणि मग हे स्टूल, ती पहाट, हे सगळं अजून कोण जाणे किती वर्षं. जिभेवर आलेले शब्द त्याने गिळले.

"मी बघायचं नाय गो. शेठचं ऐकलंस ना," तो म्हणाला.

गाडी गेली. पुंडलिकला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो बसून राहिला. अकरा वाजले. मोबाईल मांडीवर ठेवून तो त्याच्याकडे बघत होता. बाराला मोबाईल वाजला तेव्हा त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"आला काय कुणाचा फोन?" सगुणाने घरून विचारलं.

"तुझाच आला," तो म्हणाला आणि ठेवून दिला.

जेवणाचा डबा त्याने अर्धाच खाल्ला. चारच्या सुमाराला टेंपो फाटकातून आत शिरला. रोह्याची गाडी सातच्या आत कधी परत येत नसे. माल न देताच आली, असं म्हणत पुंडलिक गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि मागे गेला. जनूने फाळका पाडला. आत दोन रिकामे क्रेट होते, बाकी काही नाही.

"भरली गाडी हायवेनं नेली, रिकामी खिंडीतनं आणली," जनू म्हणाला. "रोहा साडेबाराला गाठला दादा. गाडीला घाम नाय फुटला."

"आणि खांब? दुकान बंद असंल."

"उघडं व्हतं की. बाई दारात उभी व्हती."

प्रणिता जवळ आली. "मी काल त्यांना फोन केला होता, काका. गाडी कधी बरी पडेल म्हणून विचारलं. सकाळीच धाडा म्हणाल्या. गाडी पाचला येते म्हणून इतकी वर्षं संध्याकाळी दुकानात अडकून पडतात, भजनाला जाता येत नाय."

"आणि नवरा? त्याला कोण बघतं?"

जनूने प्रणिताकडे पाहिलं, मग पुंडलिककडे. "तो कधीच गेला दादा. नऊ वर्षं झाली. मला वाटलं तुम्हाला म्हाईत हाय."

"सांगितलं का नाय मला?"

"तुम्ही माल शेवटी भरायचात, मी शेवटी उतरवायचो. इचारलंत कधी?"

आठवड्याच्या दोन फेऱ्या, नऊ वर्षं. पुंडलिकच्या डोक्याने विचारायच्या आधीच हिशोब करून ठेवला, नऊशेच्या वर फेऱ्या. तेवढ्या वेळा जनूने भरली गाडी खिंड चढवली, तेवढ्या वेळा एक बाई भजन सोडून त्याच्या चांगुलपणाची वाट बघत बसली. आणि तो पाच वाजले की खूश व्हायचा. त्याला फार वाईट वाटलं.

"काका," प्रणिता हळूच म्हणाली, "तुम्हाला सकाळी माझी चूकच वाटली असणार. मग बोलला का नाय?"

"मला सुटायचं होतं गो," पुंडलिक म्हणाला. तिच्याशी खोटं बोलायचं त्याच्यात बळ नव्हतं.

शेठने ऑफिसमधून बाहेर येऊन त्याचा हात हातात घेतला, उद्यापासून आराम करा म्हणाला, शनिवारी जेवायला घरी या म्हणाला. तीन वर्षं मागितलेलं मिळालं होतं. पुंडलिकने मान हलवली, डबा पिशवीत घातला. मग परत फिरून त्याने प्रणिताकडे धोंडुबाईचा नंबर मागितला. एवढ्या वर्षांत तो त्याने कधी घेतलाच नव्हता.

"बाई, पेणवरनं बोलतोय, गोदामातनं," तो म्हणाला. "गाडीचं जरा सांगायचं होतं. इतकी वर्षं ती पाचला येत होती, ती..."

"आज येळेवर आली बघा," धोंडुबाईने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. मागे टाळ वाजत होते, तिला घाई होती. "कोण ती नवीन पोर हाय, तिनं इचारलं तरी. तिलाच ठेवा आता."

"व्हय," पुंडलिक म्हणाला. "तिलाच ठेवली."