द्वारकाबाईंची कमरेची गोळी

पिंपळीत डॉ. हारिस तांबोळींचा दवाखाना तीस वर्षं चालला तो निव्वळ विश्वासावर. बारामतीच्या मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठीसुद्धा लोक आधी यांना दाखवत, मगच औषध घेत. कुणाची शुगर, कुणाचा दमा, कुणाचं नुसतंच रडगाणं, हे ते माणूस दारात चपला काढत असतानाच ओळखायचे. या ओळखीची त्यांना थोडी मस्तीही चढली होती, खोटं कशाला बोला.

गावातल्या बायकांची एक रीत होती. बाई स्वतःसाठी म्हणून दवाखान्यात येतच नसे. सासूचा दमा, नातवाचा ताप घेऊन यायची आणि निघताना दारात उभ्या उभ्या स्वतःसाठी एखादी गोळी मागायची. द्वारकाबाईही तशाच. दर महिन्याला नवऱ्याची, संभाजीरावांची शुगर तपासायला यायच्या, ते काय चोरून खातात ते पाढ्यासारखं म्हणून दाखवायच्या आणि जाता जाता सांगायच्या, कंबर जरा धरलीय. डॉक्टर हसून म्हणायचे, दिवसभर खुरपल्यावर कंबर काय नाचणार आहे? आणि गोळ्या पुडीत बांधून द्यायचे. असं दीड वर्ष चाललं.

दिवाळीनंतर द्वारकाबाई अंगणात चक्कर येऊन पडल्या. एमआयडीसीत कामाला असलेला त्यांचा मुलगा युवराज त्यांना बारामतीला घेऊन गेला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, पार पसरलेला. वर्षभर अंगावरून जात होतं, पण लाजेपायी त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले.

तांबोळींनी रिपोर्ट दोनदा वाचला. पण गावानं त्यांना कधीच माफ करून टाकलं होतं. युवराजच म्हणाला की आई कुठं कुणाला हात लावू देणार होती. डॉक्टरांची बायको जरिनाही तेच म्हणाली, आणि हळूहळू त्यांनाही ते पटायला लागलं. बुडत्याला काडीचा आधार.

तरी रोज दवाखाना उघडण्याआधी ते द्वारकाबाईंकडे जायचे. दुखणं थांबायचं इंजेक्शन द्यायचे, पाठीला जखम तर होत नाही ना ते सुनेला, सुप्रियाला बघायला लावायचे. जे बोलायचं ते मात्र ओठांवर येऊन परत फिरायचं. माघ उजाडला तसा द्वारकाबाईंचं अन्न तुटलं. आता थांबलो तर राहूनच जाईल, हे डॉक्टरांना कळत होतं.

त्या सकाळी इंजेक्शन देऊन झालं तरी ते उठले नाहीत.

“अक्का, चूक माझी आहे,” ते म्हणाले. “दीड वर्ष तुम्ही कंबर दुखतेय म्हणून सांगत होता. मी एकदाही तुम्हाला तपासलं नाही.”

त्या नाही म्हणतील, आपल्यालाच समजावतील, अशी त्यांना मनातून आशा होती. आयुष्यभर त्या सगळ्यांना समजावतच आल्या होत्या.

द्वारकाबाईंनी मान त्यांच्याकडे वळवली.

“समदी म्हनत्यात, ही कुठं बसनार हुती,” त्या हळू म्हणाल्या. “पर तुमी नुसतं बसा म्हनला असता, डॉक्टर, तर मी बसले असते.”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. सुप्रिया चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. कॉटच्या कडेला बसून डॉक्टर लहान पोरासारखे रडत होते.