सलोमीबाईंचं मुरमातलं घर

"मी आत येणार नाही," डेप्युटी साहेब उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "ओव्हरसियर, हे घर आहे की उंदराचं बीळ?"

मे महिना. केंदूरच्या माळावर सकाळी साडेनवालाच ऊन मी म्हणत होतं. साहेबांच्या मागे जीप उभी, जीपच्या मागे निम्मं गाव उभं. आणि घराच्या मालकीणबाई, सलोमीबाई, दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, आधी पाणी घेता की आधी नापास करता?"

गाव खदखदून हसलं. साहेब हसले नाहीत. मला मात्र दरदरून घाम फुटला, कारण त्या घराचा नकाशा माझा होता.

पंचायत समित्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. मी मूळचा दौंडचा, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. शिरूरला ओव्हरसियर म्हणून लागून दोन वर्षं झाली होती. ओव्हरसियर म्हणजे इंजिनियर आणि गवंडी यांच्या मधला माणूस. वरचा चुकला तरी शिव्या यालाच, खालचा चुकला तरी यालाच. शाळाखोल्या, विहिरी, रस्त्याच्या मोऱ्या, असली कामं. सायकलवरून तालुका पालथा घालायचा. माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं. बायको आजही म्हणते, "हे रिटायर झाले, पण राग अजून ड्यूटीवर आहे."

सलोमीबाईंनी मिशनच्या शाळेत तीस वर्षं मुलींना शिकवलं. लग्न केलं नाही. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या छड्या खाऊन शहाण्या झालेल्या. आता त्या रिटायर झाल्या होत्या आणि जूनमध्ये शाळा उघडली की नव्या मास्तरीणबाईंना क्वार्टर द्यायचं होतं. पुण्याचा भाचा म्हणत होता, आमच्याकडे या, व्हरांड्यात खाट टाकू. बाई मला म्हणाल्या, "तीस वर्षं मिशनच्या छपराखाली राहिले, आता भाच्याच्या कशाला? मरताना तरी माझ्या घरात मरू द्या की!" आणि मरणाबद्दल बोलताना असं खळखळून हसलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

गावानं त्यांना जागा दिली होती. सरपंच आबा मोठे बागाईतदार, मनानंही मोठे. पण पंचायतीत एकाचं पोट दुखलंच. त्यामुळे ठरावात अट पडली, की पावसाळ्याआधी घर उभं राहावं आणि ते राहण्यालायक आहे असं समितीच्या इंजिनियरनं लिहून द्यावं. नाहीतर जागा परत. आणि जागा तरी कसली? मुरमाड उतार. तिथं शेळीसुद्धा तिरकी उभी राहायची. चौथरा उचलून सपाट करायचा म्हटलं तर बाईंचा फंड चौथऱ्यातच गडप झाला असता.

छत्री टेकत बाई माझ्या ऑफिसात आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "भाऊ, पेव पाहिलंय का तुम्ही?"

पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेली खोली. आमच्या भागात मुरमात खणतात.

"पाहिलंय की."

"त्यात ज्वारी दोन-दोन वर्षं राहते. ना भिजत, ना तापत. मग माणूस का नाही राहणार?"

"बाई, ज्वारीला खिडकी लागत नाही."

"मग एका बाजूला खिडकी ठेवा! तेवढ्यासाठीच तर तुमच्याकडे आले."

मी हसण्यावारी नेलं. पण घरी गेलो आणि झोपच लागेना. कागद घेऊन बसलो. उतार कापायचा. मागची आणि दोन्ही बाजूंची जमीन हीच आपली भिंत; तिला आतून दगडाचं अस्तर द्यायचं. फक्त पुढची भिंत नव्यानं उभारायची, पूर्वेकडे तोंड करून, तिला दार आणि दोन मोठ्या खिडक्या. वर धाब्याचं छत, म्हणजे लाकडं, त्यावर पाला, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. ही खारी माती भिजली की फुगते आणि पाण्याला खाली उतरू देत नाही. दगड तिथलाच, माती तिथलीच. विकत काय, तर लाकूड आणि दारं-खिडक्या. हिशेब फंडात बसला आणि मी एकटाच खोलीत टाळी वाजवली.

एकच भीती होती. पाण्याची. उतारावरचं पाणी मुरमातून झिरपत येणार आणि मागच्या भिंतीला चिकटणार. त्यावर उपाय मी काढला, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. भिंतीच्या पाठीमागे एक चर ठेवायचा, त्यात नुसते सुटे गोटे भरायचे, माती अजिबात नाही. झिरपलेलं पाणी गोट्यांतून खाली पडणार, दोन्ही बाजूंनी वळून पुढे येणार आणि पुढच्या भिंतीच्या कोपऱ्यांत ठेवलेल्या टीचभर तोंडांतून बाहेर जाणार. बाबू मिस्त्रीला हे पटवायला मला दोन दिवस लागले. "सुटा दगुड? आवो, लोकं हासतील की मला!" तो म्हणायचा. शेवटी पटलं तेव्हा मात्र त्यानं चर असा भरला, की गोटा न् गोटा निवडून घेतला.

तर समितीचे डेप्युटी इंजिनियर साहेब दारात उभे. पुण्याचे, करड्या शिस्तीचे, बूट आरशासारखे. माणूस वाईट नव्हता. पण जमिनीच्या वर असतं ते घर, अशी त्यांची पक्की समजूत.

"पाऊस पडला की उतारावरचं सगळं पाणी आत येईल. मी सही करणार नाही."

"साहेब, मागे चर आहे—"

"चर कागदावर आहे. मला दिसतोय का?"

माझं डोकं तापलं. "मग पाणी सोडून बघा!" मी बोलून गेलो. वरिष्ठांशी असं बोलायचं नसतं, पण सुटला बाण.

आता उन्हाळ्याच्या त्या दिवसांत पाणी सोडा म्हणजे काय चेष्टा? तेवढ्यात आबा पुढे आले. घराच्या वरच्या अंगाला त्यांची विहीर होती.

"हिरीत दोन परस पानी हाय," आबा म्हणाले. "कांद्याला द्यायचं व्हतं. कांदा ऱ्हाईल एक दिस तान्हेला. बाईंनी माज्या चार लेकींना लिवाय शिकीवलं, त्ये काय फुकाट न्हाई जायाचं. जुपा रं मोट!"

बैल जुंपले. मोट चालू झाली. पाट फोडून पाणी घराच्या वरच्या उतारावर सोडलं. मोटकऱ्यानं गाणं धरलं, बायका-पोरं पाण्याच्या मागे मागे धावत आली, जत्राच जमली म्हणा ना. कोरडा मुरूम पाणी असा प्यायला, की बघत राहावं. साहेब घड्याळ बघत जीपमध्ये बसून राहिले. मी, बाबू मिस्त्री आणि बाई आत, मागच्या भिंतीसमोर.

दहा मोटा झाल्या. छत ठणठणीत कोरडं. वीस झाल्या. भिंत कोरडी. मी मिशीवर ताव देणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "भाऊ, हे काय?"

खालच्या थराच्या सांध्यातून एक ओली रेघ आली होती. तिच्या शेजारी दुसरी. बघता बघता भिंतीला पाझर फुटला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पाणी साचायला लागलं.

साहेब आले. या वेळी त्यांनी आत पाऊल टाकलं. पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेनाचं टोपण लावलं. त्या टोपणाचा 'टक्' आवाज मला अजून ऐकू येतो. बाईंनी पदरानं चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला.

आणि मग मी बाबूवर ओरडलो. चारचौघांत. "चरात माती कोंबलीस ना? लोक हसतील म्हणून कोंबलीस! घात केलास बाईंचा!"

बाबूचं तोंड एवढंसं झालं. "आईच्यान् सांगतो भाऊसाहेब, मातीचा कन बी न्हाई घातला. पर मला येक सांगा, येवढं पानी सोडलं, आन् पुढं त्वांडातून थेंब बी कसा आला न्हाई?"

मी थबकलो. खरंच की! तोंडांतून पाणी यायलाच हवं होतं. आम्ही दोघं पळत पुढे आलो. डाव्या कोपऱ्यात पाहिलं, तोंड नाही. उजव्या कोपऱ्यात पाहिलं, नाही. पुढची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत, पांढऱ्या मातीचा पोतारा दिलेली, वर तांबड्या कावेनं काढलेली वेलबुट्टी.

"हितली भोकं कुनी बुजीवली?" बाबूनं विचारलं.

हौसाकाकू पुढे झाल्या. आबांची मंडळी, आणि बाईंच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनींपैकी एक. चेहऱ्यावर काय तो आनंद! "आमीच की! साहेब येनार म्हून काल साऱ्याजनींनी मिळून लिपलं. मिस्त्री इसरला आसंल म्हटलं. दाराशेजारी आसली भगदाडं कुनी ठिवतं व्हय? इच्चू-काट्याचं, सापाचं भ्याव. आन् बाई एकल्या राहनार. चांगली दगुड घालून, शेनमाती कालवून बुजीवली, वर नक्षी काडली. हाताला फोड आलं बगा माज्या!"

सगळ्याजणी माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेनं बघत होत्या. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की भिंतीतलं भोक न भोक बुजवून घर लिंपायचं, हा बाईमाणसाचा धर्म. त्या धर्मानं माझा नकाशा गिळला होता.

"पहार आण," मी बाबूला म्हणालो.

"आवं, नक्षी!" हौसाकाकू ओरडल्या.

"काकू, पुन्हा काढा नक्षी. घराचा श्वास कोंडलाय आत्ता!"

बाबूनं वेलीच्या बरोबर मधोमध पहार घातली. एक घाव. दोन. तिसऱ्या घावाला दगड हलला आणि आतून असा धबधबा सुटला, की बाबू मागे पडला. पाणी उसळून थेट साहेबांच्या बुटांवर. पायमोजे, पाटलोणीचे पाय, सगळं चिंब. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "आलं गं बया गंगामाई!" आणि सगळं गाव फुटलं. पोरं त्या पाण्यात नाचायला लागली. दुसरं तोंड बाबूनं फोडलं, तिथूनही तसाच लोट. हौसाकाकू आधी डोक्याला हात लावून बसल्या आणि मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेब हसले का? हसले. आधी ओठ दाबले, मग खांदे हलायला लागले. मग जीपच्या बॉनेटवर बसून त्यांनी एक-एक बूट काढून उलटा केला. "ओव्हरसियर," ते म्हणाले, "तुमचा चर दिसला मला."

पण माणूस शिस्तीचा. लगेच सही केली नाही. "मोट चालू राहू द्या. भिंत सुकते का बघतो." अनवाणी पायांनी ते आत गेले. बाहेर फुफाटा, आत माठातल्यासारखा गारवा. बाईंनी चहा दिला. खाटेवर टेकून साहेब भिंतीवर नजर ठेवून बसले आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. ड्रायव्हर उठवायला निघाला, तर बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्याला परत पाठवलं. शाळेतली सवय.

तासाभरानं जाग आली तेव्हा पाझर थांबला होता. भिंतीवर ओलीचे डाग उरले होते, पण नवं पाणी येत नव्हतं. कोपऱ्यांतून मात्र दोन धारा छान वाहत होत्या आणि आबांनी लगोलग सरी ओढून त्या खालच्या कांद्याकडे नेल्या होत्या. शेतकरी तो शेतकरीच! साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि खाटेवर बसूनच लिहून दिलं, 'राहण्यास योग्य.' मग खाली स्वतःच्या मनानं एक ओळ घातली, 'उन्हाळ्यात अत्यंत योग्य.'

बाईंनी कागद दोनदा वाचला. मास्तरीणबाई त्या, शुद्धलेखन तपासलं असणार. मग घराच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा गावानं त्यांना हुंदका देऊन रडताना पाहिलं. "माझं घर," एवढंच म्हणाल्या.

मी सगळ्यांसमोर बाबूची माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब, पर आता चर बगून कुनी हासनार न्हाई." पुढच्या आठवड्यात गृहप्रवेश झाला. प्रार्थना चर्चच्या पाळकांनी आत केली, नारळ आबांनी बाहेर फोडला, खोबरं सगळ्यांनी खाल्लं. पुढे बाई त्या घरात अठरा वर्षं राहिल्या, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथंच गेल्या. भिंत पुन्हा कधी ओली झाली नाही.

त्या दिवशी निघताना मी हौसाकाकूंना चर कशासाठी ते जमिनीवर काडीनं काढून समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्ये आदी का न्हाई सांगितलं? साप येऊ न्हाई म्हून जाळी बसवली आसती, आन् नक्षी तिच्या भवतीनं काडली आसती."

नकाशा मी साहेबांना पाठवला होता, पंचायतीला दाखवला होता, मिस्त्रीला दोन दिवस पढवला होता. घराला शेवटचा हात ज्यांचा, त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यानंतर कुठलंही घर काढलं की मी आधी सारवणाऱ्या बायकांना बोलावून चर दाखवायचो आणि मग मिस्त्रीला. मिस्त्री लोक रुसायचे. रुसू देत. घरं कोरडी राहिली.