कंट्रोलच्या पेशी

कंट्रोलच्या रांगेत काहीच दिसायला नको होतं. स्क्रीनवर मात्र तिथेही काळे पट्टे होते, चांगले ठसठशीत.

मी नेरूळच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. उंदराच्या रोगप्रतिकारक पेशींवर जीवाणूंचं विष टाकलं की पेशीतलं एक एन्झाइम जागं होतं आणि बाकीच्या प्रथिनांवर खुणा करत सुटतं. त्या खुणा म्हणजे निरोप. कोणत्या प्रथिनांवर होतात, किती होतात, एवढंच मी आठ महिने मोजत होते; जितक्या खुणा, तितका स्क्रीनवरचा पट्टा काळा. कंट्रोलच्या पेशींना विष नाही. त्यांनी गप्प बसायचं. त्या गप्प नव्हत्या.

शेजारच्या टेबलावरच्या सीनियर ताईंनी वाकून पाहिलं. "द्रावणाच्या बाटल्या कशा साफ करतेस?"

"धुऊन ऑटोक्लेव्ह."

"आणि ओव्हनमध्ये भाजत नाहीस?"

ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचा मोठा कुकर. त्यात जीवाणू मरतात, पण त्यांच्या कवचातलं विष काचेला तसंच चिकटून राहतं. ते जाळायला अडीचशे अंशांचा कोरडा ओव्हन लागतो. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे आठ महिने मी सगळ्याच पेशींना विष पाजत होते. कंट्रोलमध्ये आधीही फिकट पट्टे दिसायचे. मशीनचा दोष असेल म्हणून मी पुढे जायचे.

विचारलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. पण आमच्या घणसोलीतल्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. वडिलांनी नाक्यावर माझ्या फोटोचा अभिनंदनाचा बॅनर लावला होता. बॅनरवरच्या मुलीने बाटली कशी धुवायची हे विचारायचं? नाही विचारलं.

"सरांना इतक्यात नको बोलूस," ताई म्हणाल्या. "पेपर सोमवारी जर्नलला जातोय. विष दिलेल्या पेशींचे पट्टे जास्त काळे आहेत, फरक तर दिसतोच आहे ना?"

पेपरवर माझं नाव पहिलं होतं. मी सरांच्या, माझ्या गाइडच्या, केबिनमध्ये गेले आणि सांगितलं.

"किती बॅचेस?"

"सगळ्या."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मग पेपर नाही जात." चष्मा परत घालत म्हणाले, "आठ महिने कुणाला विचारावंसं वाटलं नाही?"

"लाज वाटली, सर."

बाहेर आल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूकही नव्हती.

घरी आईने ताटाकडे बघितलं. "काय गो, जेवत का नाय?"

"लॅबमधलं पाणी खराब निघालं."

"मंग उकलून घ्यायचा ना! येवरी शिकलीस नि..." ती हसली. मी भात कालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ताईंना ओव्हनपाशी घेऊन गेले. किती वेळ ठेवायचं, झाकणं वेगळी का, फॉइल कशाला, सगळं विचारलं.

"फॉइल कशाला, हेसुद्धा?"

"हो. तेसुद्धा."

त्या सांगत गेल्या, मी लिहून घेत गेले.